चोर कोण, संन्यासी कोण?

ज्या वस्तूस आपल्या आजोबांच्या पिढीनें निरोप दिला, ती वस्तु नातवंडांच्या मेजावर पुन्हां येऊन बसावी, हा काळाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. निर्वात कांचनळी, जिला रेडिओच्या जमान्यांत घरोघर 'व्हॉल्व्ह' म्हणत, ती अशीच परत आली आहे. एके काळीं दिवाणखान्यांतील रेडिओच्या पोटांत ती मंद तांबूस प्रकाश देत बसे. पुढें ट्रान्झिस्टर आला, आणि ती माळ्यावर गेली. आज हेडफोन लावून एकांतांत संगीत ऐकणाऱ्या तरुणांनीं तिला माळ्यावरून खालीं आणलें आहे. हेडफोनसाठीं बनविलेल्या लहानशा अँप्लिफायरच्या डोक्यावर एक किंवा दोन कांचनळ्या उभ्या असतात, आणि त्यांच्यांतून येणारा स्वर अधिक गोड असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तो गोडवा खरा कीं मानलेला, ह्या वादांत आज आम्ही शिरत नाहीं. त्या गोडव्यांत मिसळणारी खरखर, हा आमचा विषय आहे.

हेडफोन कानांस अगदीं चिकटून असतात. म्हणून जो बारीकसा आवाज कर्ण्यांतून दहा हातांवर ऐकूं आला नसता, तो येथें थेट कानांत शिरतो. कधीं गुणगुण, कधीं सुसकारा, कधीं कडकड. असा आवाज आला कीं, बहुतेक जण प्रथम नळीस दोष देतात. ती उघड्यावर उभी असते, तापलेली असते, जुनी असते, आणि हातानें उपटतां येते. मग तिला दोषी ठरविण्यास आणखी काय हवें? वडिलांकडे हट्ट धरला जातो, एखाद्या प्रसिद्ध नांवाची महाग नळी मागविली जाते, आणि ती बसविल्यावर पुष्कळदां तीच गुणगुण जशीच्या तशी ऐकूं येते. चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात तें हेंच.

आमचें मत असें आहे कीं, खरखरीवर पैसा खर्च करण्यापूर्वीं थोडी बुद्धि आणि दोन संध्याकाळ खर्च कराव्या. नळी ओळखणें आणि आवाजाचें मूळ शोधणें ह्या दोन्ही गोष्टी शाळकरी मुलास साधण्यासारख्या आहेत. आणि त्या साधल्यानें केवळ वडिलांचे पैसे वांचतात असें नव्हे, तर पुराव्यावांचून कोणासही दोषी किंवा निर्दोष न ठरविण्याची जी शिस्त मनास लागते, ती पुढें जन्मभर उपयोगीं पडते. हें आमचें म्हणणें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून तें क्रमाक्रमानें मांडतों.

प्रथम नळी म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. १९०४ सालीं इंग्लंडांत जॉन अँब्रोज फ्लेमिंग ह्यांनीं निर्वात कांचपात्रांत एक तापणारी तार व तिच्यासमोर एक धातूचा पत्रा ठेवून असें दाखविलें कीं, वीज तापलेल्या बाजूकडून पत्र्याकडे जाणाऱ्या विद्युत्कणांच्या रूपानें एकाच दिशेनें वाहते. पाण्याच्या नळांतील झडपेसारखें हें काम, म्हणून इंग्रज लोक तिला व्हॉल्व्ह म्हणूं लागले. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट ह्यांनीं तार व पत्रा ह्यांच्या मध्यें एक तिसरा अवयव, म्हणजे जाळी, बसविण्याची कल्पना काढली. जाळीवरील विजेचा दाब किंचित् बदलला कीं, पत्र्याकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. लहान हालचालीनें मोठ्या प्रवाहावर हुकमत चालविणें, हेंच ध्वनिवर्धनाचें मर्म. परंतु जाळीवर जें जें येईल तें तें वाढवून देणें हा नळीचा धर्म असल्यामुळें, स्वराबरोबर खरखर आली तर तीही ती इमानानें वाढविते. निरोप्या निरोपाबद्दल दोषी धरला जावा, तशी तिची स्थिति होते.

आतां ओळखीकडे वळूं. नळीवर छापलेलीं अक्षरें पाहून पुष्कळ मुलें गोंधळतात. पण त्यांत एक व्याकरण आहे. युरोपीय पद्धतींत 'ईसीसी८३' असें नांव असेल, तर पहिलें 'ई' हें अक्षर सांगतें कीं आंतील तापणाऱ्या तारेस ६.३ व्होल्ट दाब लागतो. पुढील प्रत्येक 'सी' म्हणजे एक त्र्यग्र नळी, म्हणजे तार, जाळी व पत्रा असलेली. दोन 'सी' म्हणजे एकाच कांचेंत तशा दोन. आंकड्यांतील आरंभींचा ८ सांगतो कीं तिला नऊ पिनांची लहान बैठक आहे. पहिलें अक्षर 'पी' असेल, तर ती नळी दूरचित्रवाणीच्या संचांत ३०० मिलिअँपिअर प्रवाहाच्या सांखळींत बसविण्यासाठीं केलेली समजावी. अमेरिकन पद्धतींत आरंभींचा आंकडा तारेच्या व्होल्टचा स्थूल अंदाज देतो. अमेरिकेची '१२एएक्स७' आणि युरोपची 'ईसीसी८३' ह्या एकच होत. तसेंच '१२एयू७' म्हणजे 'ईसीसी८२', आणि '६डीजे८' म्हणजे 'ईसीसी८८'. ब्रिटिश लष्करानें आपले 'सीव्ही' हीं अक्षरें असलेले निराळे क्रमांक दिले. 'सीव्ही४००४' म्हणजे पुन्हां ती १२एएक्स७ च. एका माणसास घरीं, शाळेंत व गल्लींत तीन नांवें असतात, तसाच हा प्रकार आहे.

हें व्याकरण कां शिकावें? कारण सारख्या दिसणाऱ्या नळ्यांचीं पोटें निराळीं असतात. १२एयू७ व ६डीजे८ ह्या दोघींच्या नऊ पिना एकाच मापाच्या. एक काढून दुसरी त्याच जागीं सहज बसते. परंतु १२एयू७ ची तार चौथ्या व पांचव्या पिनांमध्यें १२.६ व्होल्टवर चालते, किंवा त्या दोन पिना एकत्र जोडून नववीच्या समोर ६.३ व्होल्टवर. ६डीजे८ मध्यें तारेची दोन टोकें चौथ्या व पांचव्या पिनांस असून तिला ६.३ व्होल्टच हवे असतात, आणि नववी पिन आंतील एका आडोशास जोडलेली असते. तेव्हां १२.६ व्होल्टच्या जागीं ६डीजे८ बसविली, तर तिच्या तारेस दुप्पट दाब मिळून ती जळण्याची भीति. आणि चौथी व पांचवी पिन जोडलेल्या जागीं बसविली, तर ती मुळींच तापणार नाहीं. वर्धनशक्तींतही मोठें अंतर आहे. १२एएक्स७ चा वर्धनांक सुमारें १००, १२एटी७ चा ६०, ६डीजे८ चा ३३, आणि १२एयू७ चा २० च्या आंत. म्हणून 'बसते तर चालेलच' ही समजूत मनांतून काढून टाकावी, आणि यंत्राच्या माहितीपत्रकांत जी नळी सांगितली असेल तिच्याशीं नांव ताडून पाहिल्यावांचून दुसरी नळी बसवूं नये.

नांव जुळलें म्हणजे ओळख पटली असेंही नाहीं. पूर्वींचे कारखाने एकमेकांच्या नळ्या विकत घेऊन त्यांवर आपापलें नांव छापीत. आणि आज कांहीं जुन्या कंपन्यांचीं नांवें नव्या मालकांच्या हातीं गेलीं आहेत. 'मुलार्ड' हें नांव एकेकाळीं इंग्लंडांतील ब्लॅकबर्न येथील कारखान्याशीं निगडित होतें. पुढें तें नांव विकत घेऊन रशियांतील सारातोव येथें बनलेल्या नळ्यांवरही तें छापण्यांत आलें. ह्या नव्या नळ्या वाईट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जुन्या मालाची किंमत देऊन नवा माल घेणें हें शहाणपणाचें नव्हे. कांचेवरील छाप सहज पुसला जातो आणि सहज पुन्हां मारतां येतो. म्हणून जाणता मनुष्य छापापेक्षां अंगावरील खुणा पाहतो.

ह्या खुणा अशा. फिलिप्स व मुलार्ड ह्यांच्या पुष्कळ नळ्यांच्या कांचेवर, तळाजवळ, बारीक अक्षरांची एक सांकेतिक ओळ कोरलेली असते. तींत कारखान्याचें चिन्ह, वर्षाचा शेवटचा आंकडा आणि महिन्याचें अक्षर असतें. 'बी' म्हणजे ब्लॅकबर्न. लहान त्रिकोण म्हणजे हॉलंडांतील हेर्लेन. महिन्यांत 'ए' म्हणजे जानेवारी, 'बी' फेब्रुवारी, आणि याच क्रमानें 'एल' म्हणजे डिसेंबर. 'बी४सी' असें दिसलें तर ब्लॅकबर्न, मार्च, आणि ४ ह्या आंकड्यानें संपणारें वर्ष. मग तें १९६४ कीं १९७४, हें आंतील बांधणीवरून ठरवावें. अमेरिकेंत कारखान्यांस तीन आंकडी क्रमांक होते. २७४ म्हणजे आर्‌सीए, १८८ म्हणजे जनरल इलेक्ट्रिक. आपल्या देशांतही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें १९६० नंतरच्या दशकांत अशा नळ्या बनविल्या, आणि जुन्या रेडिओंत 'बीईएल' ह्या अक्षरांच्या नळ्या अजून सांपडतात. ज्यांच्या घरीं असा रेडिओ माळ्यावर असेल, त्यांनीं तो भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां त्याचें पोट जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावें.

अक्षरें पुसट झालीं असतील, तर थंड नळीवर तोंडाची वाफ सोडावी; धुरकटलेल्या कांचेवर तीं पुष्कळदां क्षणभर उमटतात. नळी फडक्यानें घासून स्वच्छ करण्याचा उत्साह मात्र आंवरावा, कारण धुळीबरोबर नांवही जातें. नळीच्या माथ्यावर किंवा कडेस जो आरशासारखा रुपेरी डाग असतो, तो बेरियम धातूचा लेप होय. आंत राहिलेली अल्पस्वल्प हवा शोषून घेणें हें त्याचें काम. हा डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आंत हवा शिरली व नळी संपली असें निश्चित समजावें. आणि एक सूचना. नळीचा तांबूस प्रकाश वर, पत्र्यांच्या फटींतून व टोकांशीं, बारीक दिसतो. तो सगळा बुडापासून झगझगत असेल तर जरा वांकून पाहावें. कांहीं स्वस्त यंत्रांत सॉकेटच्या खालीं नारिंगी रंगाचा लहान दिवा बसवून हा देखावा केलेला असतो. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा!

येथवर ओळख झाली. आतां खरखरीची चौकशी. तीस प्रथम कान द्यावा, कारण प्रत्येक दोषाची बोली निराळी आहे.

खोल, स्थिर गुणगुण असेल तर ती आपल्या घरांतील विजेची सावली समजावी. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. तिचाच स्वर ऐकूं येत असेल, तर संशय तारांच्या मांडणीवर, जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर, किंवा नळीच्या तापणाऱ्या तारेवर. तोच स्वर बरोबर एक सप्तक वर, म्हणजे १०० आवर्तनांचा व जरा कर्कश असेल, तर यंत्राच्या आंत विजेचा प्रवाह सपाट करणारे कपॅसिटर जुने झाल्याचा संशय घ्यावा. येथें नळी बहुधा निरपराधी असते. ज्यांचा कान तंबोऱ्यावर तयार झाला आहे, त्यांस हें सप्तकाचें अंतर ओळखणें जड जाऊं नये.

कडकड किंवा चरचर असेल तर ती बहुधा मळाची भाषा. पिनांवर चढलेला गंज, सैल झालेलें सॉकेट, धूळ शिरलेलें आवाजाचें बटण, किंवा डांक नीट न बसलेला एखादा सांधा, हे तिचे नेहमींचे जनक. बटण फिरवितांनाच चरचर होत असेल, तर चोर बटणांतच आहे. नळीवर शिसपेन्सिलीनें हलकेंच टिचकी मारल्यावर घंटेसारखा टणत्कार कानीं आला, तर नळीच्या आंतील जाळी हादरते आहे असें समजावें. जाळी व तापलेला भाग ह्यांत केंसाएवढेंच अंतर असतें, आणि तें हादऱ्यानें बदललें कीं प्रवाहही बदलतो. हा मात्र नळीचा स्वतःचा दोष होय. ठराविक लयीनें होणारी टुरटुर जवळ ठेवलेल्या मोबाइल फोनची असूं शकते, आणि पंख्याचा वेग किंवा दिव्याचा उजेड कमीजास्त करणारे नियामकही अशीच पीडा देतात.

बोली कळली तरी तीवरून निकाल देऊं नये, साक्षीपुरावा घ्यावा. त्यासाठीं चार कसोट्या पुरेशा आहेत, आणि त्यांपैकीं एकीसाठींही यंत्राचें झांकण उघडावें लागत नाहीं.

पहिली कसोटी आवाजाच्या बटणाची. तें अगदीं शून्यावर आणावें. खरखर तशीच राहिली तर तिचा उगम बटणाच्या पुढच्या भागांत आहे. बटणाबरोबर ती वाढत किंवा घटत असेल तर मागच्या भागांत, किंवा यंत्राच्याही बाहेर. एका क्षणांत अर्धें क्षेत्र शोधांतून वगळलें जातें.

दुसरी कसोटी बाहेरच्या तारांची. गाणें संगणकांतून येत असेल, तर संगणकाचा चार्जर काढून तो नुसत्या बॅटरीवर चालवावा. गुणगुण एकदम थांबली तर समजावें कीं संगणक व अँप्लिफायर ह्या दोहोंच्या जमिनीच्या तारा मिळून एक वेटोळें झालें होतें आणि त्यांतून घरची वीज फिरत होती. अशा वेळीं नळ्या बदलीत बसणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. येथें एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. ही गुणगुण घालविण्यासाठीं प्लगची तिसरी, म्हणजे जमिनीची, पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी देतात. तो कधींही ऐकूं नये. ती पिन जीव वांचविण्यासाठीं आहे. तसेंच, येणारी तार काढून यंत्राचें तोंड मोकळें सोडलें तर तें हवेंतील गुणगुण ओढून घेतें. त्या आवाजावरून फसूं नये. बटण शून्यावर ठेवूनच परीक्षा करावी.

तिसरी कसोटी अदलाबदलीची, आणि हीच सर्वांत सुंदर. डाव्या व उजव्या कानासाठीं दोन निरनिराळ्या, एकाच नांवाच्या नळ्या असतील, आणि खरखर फक्त डाव्या कानांत येत असेल, तर यंत्र बंद करावें, प्लग काढावा, नळ्या पूर्ण थंड होऊं द्याव्या, आणि कांचेस धरून सरळ वर उचलून त्यांची जागा बदलावी. पुन्हां चालू करून कांहीं मिनिटें थांबावें. खरखर उजव्या कानांत गेली, तर नळी दोषी. ती डाव्याच कानांत राहिली, तर नळी निर्दोष आणि यंत्र किंवा हेडफोन दोषी. मग हेडफोन उलटे लावून तोही संशय फेडून घ्यावा. दोन्ही कानांचें काम एकच नळी करीत असेल, तर त्याच नांवाची खात्रीची दुसरी नळी उसनी आणून पाहावी. नळी बसवितांना, टिचकी मारतांना व यंत्र सुरू करतांना हेडफोन कानांवर ठेवूं नयेत; अकस्मात् येणारा धक्का कानांस इजा करूं शकतो.

चौथी कसोटी टांचणवहीची. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय बदललें, काय ऐकूं आलें, तें लिहावें. तार, नळी व प्लगची जागा हीं तिन्ही एकदम बदललीं आणि खरखर थांबली, तर आनंद होईल. पण चोर कोण तें कळणार नाहीं, आणि तो पुन्हां आला म्हणजे तुम्ही पुन्हां तितकेच अडाणी असाल.

इतकें करूनही एक बारीक सुसकारा मागें राहतो. त्याविषयीं सत्य सांगितलें पाहिजे, कारण सर्वांत अधिक पैसा ह्याच सुसकाऱ्यावर उधळला जातो. १९१८ सालीं जर्मनींत वॉल्टर शॉट्की ह्यांनीं दाखविलें कीं, नळींतील प्रवाह अखंड धारेसारखा नसून सुट्या विद्युत्कणांचा आहे. पत्र्याच्या छपरावर पावसाचे थेंब पडावे तसे ते येऊन आदळतात, आणि त्यांचा सडसडाट हाच तो आवाज. १९२८ सालीं अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत जॉन्सन ह्यांनीं मोजून व नाइक्विस्ट ह्यांनीं गणितानें सिद्ध केलें कीं, विजेस विरोध करणाऱ्या प्रत्येक वस्तूंत, केवळ ती उष्ण आहे एवढ्यामुळेंच, असा सुसकारा असतो. चांगली नळी व चांगली रचना त्यास कमी करूं शकते. परंतु जगांतील कोणतीही नळी, कितीही किंमत दिली तरी, त्यास शून्य करूं शकत नाहीं. हेडफोन फार संवेदनशील असले तर तो ऐकूं येतो. कमी संवेदनशील असले तर त्याच यंत्रांत तो लोपतो. दोष नसलेल्या ठिकाणीं दोष शोधीत राहणें हीही एक चूकच आहे, आणि तींतून मुक्त होण्यास विज्ञानासारखा दुसरा मित्र नाहीं.

आमच्या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, ट्रान्झिस्टरचीं यंत्रें स्वस्त व अधिक निःशब्द असतांना ह्या जुन्या कांचेचा खटाटोप कशाला? आक्षेपांतील विधान अगदीं खरें आहे, आणि ज्यास केवळ स्वच्छ ध्वनि हवा त्यानें खुशाल ट्रान्झिस्टरचें यंत्र घ्यावें. आम्ही नळीचा पुरस्कार करतों तो शिक्षिका म्हणून. आजच्या यंत्रांत सारें कांहीं एका काळ्या चकतींत बंद असतें. बिघडलें कीं फेंकावें, हाच त्याचा धडा. नळीचे अवयव डोळ्यांनीं दिसतात, ती हातानें काढतां येते, आणि कारण व कार्य ह्यांचा संबंध तिच्या ठिकाणीं उघडा असतो. पुस्तकांत त्र्यग्र नळीची आकृति काढून पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी गुणगुण करणाऱ्या यंत्रापुढें निरुत्तर होत असेल, तर तें ज्ञान अर्धेंच म्हणावें लागेल.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो आम्ही पूर्णपणें मान्य करतों. अशा पुष्कळ यंत्रांत शंभर ते तीनशें व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरांत तो राहूं शकतो. म्हणून झांकण उघडण्याचें काम विद्यार्थ्यांनीं करूं नये. तें जाणत्या कारागिराचें आहे. परंतु वरील चारही कसोट्या झांकणाच्या बाहेरच होतात. कारागिराकडे गेल्यावर "आवाज येतो" एवढेंच सांगणारा मुलगा आणि "डाव्या बाजूस, बटण शून्यावर असतांनाही, १०० आवर्तनांची गुणगुण येते, नळ्या बदलल्या तरी ती हलत नाहीं" असें सांगणारा मुलगा, ह्यांच्यांत किती अंतर आहे! दुसऱ्याचें काम लवकर होतें, पैसे कमी पडतात, आणि कारागीरही त्यास मान देतो.

खरखरीची अशी शिस्तवार चौकशी केल्यानें काय हातीं लागतें, ह्याचा एक दाखला देऊन हा विषय आवरतों. कार्ल जान्स्की नांवाच्या तरुण अभियंत्यास बेल टेलिफोन प्रयोगशाळेनें अटलांटिकपारच्या रेडिओ टेलिफोनमध्यें येणाऱ्या खरखरीचीं कारणें शोधण्याचें काम दिलें. त्यानें न्यू जर्सींतील होल्मडेल येथें एक फिरती अँटेना उभारली व महिनोन् महिने नोंदी ठेविल्या. त्याला तीन प्रकार आढळले: जवळच्या वादळांची खरखर, दूरच्या वादळांची खरखर, आणि एक मंद, स्थिर सुसकारा. हा तिसरा आवाज दररोज कमीजास्त होई; पण त्याचें चक्र २४ तासांचें नसून २३ तास ५६ मिनिटांचें होतें, म्हणजे सूर्याचें नव्हे तर ताऱ्यांचें. १९३३ सालीं त्यानें जाहीर केलें कीं हा आवाज धनु राशीकडून, आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाकडून, येतो. "यंत्रच वाईट" म्हणून त्यानें नवें यंत्र मागितलें असतें तर? त्या सुसकाऱ्यांतून जें रेडिओ-खगोलशास्त्र जन्मास आलें, त्याचीच एक मोठी वेधशाळा आज आपल्या पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवजवळ खोडद येथें आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या तेथील परिसरांत उभ्या आहेत. ज्या विद्यार्थ्यांस शक्य असेल त्यांनीं त्या एकदां अवश्य पाहाव्या.

आतां पालकांस दोन शब्द. मुलानें खरखरीची तक्रार आणली तर त्यास लगेच नवी वस्तु आणून देऊं नये, आणि "नसते उद्योग" म्हणून दटावूंही नये. "तूं काय काय तपासलेंस?" एवढा एक प्रश्न विचारावा, आणि त्याच्या टांचणवहींतील उत्तर ऐकून मगच थैलीस हात घालावा. शाळांसही आमची विनंति आहे. प्रयोगशाळेंत एखादें जुनें रेडिओयंत्र, वीज तोडून व जाणत्याकडून निर्धोक करवून, उघडें मांडून ठेवावें, म्हणजे मुलांस फळ्यावरची नळी आणि खरी नळी ह्यांची गांठ घालतां येईल.

आणि विद्यार्थिमित्रहो, ही शिस्त यंत्रापुरतीच ठेवूं नका. वर्गांत गलका झाला कीं नेहमींच्याच खोडकर मुलाचें नांव सर्वांच्या ओठांवर येतें. घरांत कांहीं फुटलें कीं धाकट्यावर, किंवा मोलकरणीवर, बोट जातें. तीं उघड्यावर उभीं असतात, आणि त्यांस उपटणें सोपें असतें. नळीच्या बाबतींत तुम्हीं जो न्याय शिकलां, तोच येथें लावा. जागा बदलून पाहा, एका वेळीं एकच गोष्ट तपासा, छापापेक्षां खुणा पाहा, आणि पुरावा मिळेपर्यंत निकाल राखून ठेवा. चुकीनें घेतलेल्या नळीचे पैसे फार तर बुडतील. चुकीनें दोषी ठरविलेल्या माणसाचें नुकसान भरून काढण्यास कोणतीही रक्कम पुरत नाहीं.